होजला क्लिप कुठली लावावी: स्क्रूची की स्प्रिंगची?

इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे अशी गाडी घरी बांधायला घेतली, की कुलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, वाट लांबते. माझ्या बग्गीत मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन मागे बसवलंय. मधला पल्ला दोन लोखंडी पाइपांचा आणि त्यांच्या टोकांना रबरी होज. म्हणजे चार होज, आठ सांधे. त्या आठ सांध्यांवर दोन्ही तऱ्हेच्या क्लिपा वापरून झाल्या आहेत. ज्यांचं अजून ठरत नाहीये, त्यांना कदाचित उपयोग होईल.

स्क्रू क्लिप, म्हणजे स्क्रू फिरवला की खाचांची पट्टी आवळत जाते ती आपली जुबली क्लिप, सगळ्यांच्या हातातली. १९२१ साली ब्रिटिश नौदलातल्या लमली रॉबिन्सन यांना तिचं पेटंट मिळालं आणि तेव्हापासून तिच्या रचनेत फार फरक पडलेला नाही. तिचा मोठा गुण असा की ती मापाला अडत नाही. घरच्या बांधणीत पाइप कुठल्या मापाचा हाती लागेल याचा नेम नसतो. ही दोन-चार मिलिमीटर सहज सांभाळून घेते. तालुक्याच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते, आणि हात पोचत नाही तिथे लांब टी-पान्याने आवळता येते. म्हणून पहिल्यांदा आठही ठिकाणी मी तीच लावली.

पहिल्याच थंडीत सकाळी गाडीखाली हिरवे थेंब दिसायला लागले. इंजिन तापलं की सगळं कोरडं. सांध्यांवरून बोट फिरवलं तरी ओल लागेना. शेवटी रात्री एकेका सांध्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवला, तेव्हा कळलं की तीन सांधे गळताहेत, आणि तेही फक्त गारठ्यात. आवळलं की पंधरा-वीस दिवस बरे जायचे, मग पुन्हा पुठ्ठा ओला. चौथ्या खेपेला क्लिप सोडवून पाहिली. पट्टीच्या खाचांमधून रबर वर आलं होतं, सोऱ्यातून शेव उतरावी तसं, आणि दोन खाचांपाशी होजला बारीक चिरा पडल्या होत्या.

रबर तापल्यावर लोखंडापेक्षा कितीतरी जास्त फुगतं. पट्टीचा घेर मात्र आपण आवळला तेवढाच राहतो. फुगायला जागा नाही, म्हणून रबर दबतं, कडेला सरकतं. रात्री गार होऊन आकसलं की सैल पडतं, आणि कुलंटला केसाएवढी वाट पुरते. आपण सकाळी जाऊन पुन्हा आवळतो, म्हणजे तेच रबर आणखी पातळ करतो. मला खरा वैताग आला तो याचा. गळती थेंबभरच होती, पण ती कधी संपणार नव्हती.

कंपनीच्या गाड्यांत दोन कानांची स्प्रिंग क्लिप असते, ती रबराच्या मागोमाग जाते. फुगलं की उघडते, आकसलं की मिटते. तिला माप मात्र अचूक लागतं. होज पाइपवर चढवून बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा आणि मगच दुकानात जा. एक माप मोठी आली तर ती निरुपयोगी. भंगारातली घेऊ नका, तिचा ताण गेलेला असू शकतो. आणि पक्कडीतून कान निसटला तर ती तोंडावर उडते, तेव्हा चष्मा लावाच.

टी-बोल्टची क्लिप टर्बोच्या होजला शोभते, कुलंटला तिची गरज मला तरी वाटली नाही. पेट्रोलच्या नळीला बिनखाचांची, दुमडलेल्या कडांची छोटी क्लिप घ्या, आणि तिथे कुलंटचा होज चुकूनही वापरू नका; ते रबर पेट्रोलमध्ये टिकत नाही.

क्लिप कुठलीही घ्या, पाइपच्या टोकाला उंचवटा हवाच. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ (म्हणजे ०.९ बार दाब) लिहिलेलं असेल, तर ३२ मिलिमीटरच्या पाइपवर होज बाहेर ढकलणारा रेटा सुमारे ७ किलोचा होतो. गुळगुळीत पाइपवरून होज हळूहळू सरकत येतो. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वेल्डरमामांकडून मी टोकापासून ५ मिलिमीटरवर तारेचं कडं ब्रेझिंग करून (पितळ वितळवून जोडून) घेतलं आणि घरी कानशीने त्याच्या कडा गोल केल्या. क्लिप त्या कड्याच्या मागे बसवायची, कड्यावर नाही. होज चढवताना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, कुलंटच्या होजचं रबर त्याने फुगून मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरतं.

तुमच्याकडे थंडी फारशी नसेल आणि सांधे दोन-तीनच असतील, तर स्क्रू क्लिपवरही भागेल. माझ्या गाडीत सहा सांध्यांवर स्प्रिंग क्लिपा बसवून दोन हिवाळे झाले, त्यांना नंतर हात लावावा लागलेला नाही. रेडिएटरच्या खालच्या होजचे दोन सांधे चेसिसच्या नळीआड आहेत, तिथे पक्कड फिरत नाही. म्हणून तिथे आतून सपाट पट्टी असलेल्या स्क्रू क्लिपाच ठेवल्या आहेत. थंडी सुरू झाली की रात्री पुठ्ठा आता फक्त त्या दोघींखाली सरकवतो.