तंपानूरचं गोल कॉफी हाऊस, इथे शेठ कोणीच नाही

तिरुवनंतपुरमला जाणार असाल तर इंडियन कॉफी हाऊसची ही लाल विटांची गोल बिल्डिंग तुम्ही रील्समध्ये पाहिलीच असेल, रेल्वे स्टेशन आणि तंपानूरचा बस स्टँड दोन्ही अगदी जवळ, शोधावं लागत नाही. डिझाइन आर्किटेक्ट लॉरी बेकर यांचं. आत मजले असे नाहीतच, गोल गोल चढत जाणारा एकच रॅम्प आणि त्याच्या कडेने सिमेंटची टेबलं आणि बाकडी बांधून काढलेली, भिंतींना जाळीसारखी भोकं त्यामुळे वारा खेळता राहतो. आमच्या सासूबाई गुडघे धरून पहिल्याच वळणावर बसल्या, म्हणाल्या तुम्ही जा वर, माझी कॉफी इथेच सांगा.

मसाला डोशात बीट असतं हे आधीच सांगून ठेवते. भाजी चक्क गुलाबी-लाल दिसते, पोरांनी आधी तोंडं वाकडी केली आणि नंतर ताटली चाटूनपुसून साफ केली. कटलेटमध्येही बीट, वर सॉस, मला तर डोशापेक्षा तेच जास्त आवडलं. आणि बिल बघून नवरा म्हणाला काहीतरी लावायचं राहिलंय का बघ, एवढं स्वस्त.

पण रिव्ह्यू लिहायला बसले ते खाण्यासाठी नाही. पांढरे कपडे, कमरेला पट्टा, पगडीवर कडक इस्त्रीचा पंखा असे वेटर तिथे फिरतात ना, सगळे त्यांचे फोटो काढत असतात, पण हॉटेल त्यांचंच आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. खरंच त्यांचं, म्हणजे कामगारांची सहकारी सोसायटी, सभासद तेच, मतदान तेच करतात, कमिटी तेच निवडतात, आणि कपबशा उचलणाऱ्याला एक मत तसं मॅनेजरलाही एकच.

आणि याची सुरुवात आपल्या मुंबईत झालीये बरं का. 1936 ला चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस निघालं, मळेवाल्यांची कॉफी खपावी म्हणून कॉफी सेस (म्हणजे कॉफीवरचा कर) कमिटीने काढलेलं. पुढे देशभर पन्नासेक झाली, नंतर सरकारी कॉफी बोर्डाकडे आली, आणि पन्नाशीच्या दशकात बोर्डाने ठरवलं की आता बंद करायची. कामगार रस्त्यावर. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी सांगितलं की नोकरी मागत बसू नका, सोसायटी काढा आणि स्वतःच चालवा. 1957 ला बंगळूर, मग दिल्ली, आणि 8 मार्च 1958 ला त्रिशूरला केरळातलं पहिलं. आज एकट्या केरळातच अशा दोन सोसायट्या आहेत, एक त्रिशूरची, एक कन्नूरची. नागपूरकरांना कॉफी हाऊस नवीन नाही म्हणा.

आपल्याकडे सहकार म्हटलं की साखर कारखाना डोळ्यासमोर येतो, पण तिथे सभासद ऊस घालणारा शेतकरी, बॉयलरवरचा कामगार नाही. कामगारांनीच कंपनी चालवायचा प्रयोग कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्समध्ये ऐंशीच्या दशकाच्या शेवटी झाला होता, त्याची तेव्हा केवढी चर्चा, पण तो काही एवढा टिकला नाही. म्हणून मला या कॉफी हाऊसवाल्यांचं जास्त कौतुक वाटतं. साठ वर्षांच्या वर झाली, आणि विकतायत काय तर कॉफी आणि कटलेट.

याचा फरक टेबलावर कळतो. कॉफी संपली तरी कोणी डोक्यावर येऊन उभं राहिलं नाही, अजून काही सर, डेझर्ट मॅडम असलं काही नाही. मी एका वेटरला विचारलं, चेट्टा (म्हणजे दादा), तुमच्यात इलेक्शन असतं का, तर हातातल्या ताटल्या न ठेवताच म्हणाला असतं की, आणि तसाच रॅम्प चढून वर. त्याच्या चालण्यात घाई होती पण धाक नव्हता, असं मला तरी वाटलं. पुण्यात एका कॅफेत मॅनेजर सगळ्यांसमोर पोरांना झापत असतो, तिथली कॉफी दुप्पट-तिप्पट महाग असून घशाखाली उतरत नाही.

खटकणारी गोष्ट पण सांगते, केरळातल्या कॉफी हाऊसांत कित्येक दशकं कामाला फक्त पुरुषच, त्यामुळे एक माणूस एक मत म्हणताना बायका त्यात धरल्याच नव्हत्या. आणि फॅन्सी काहीतरी हवं असणाऱ्यांनी जाऊच नका, मेन्यू आहे तो आहे.

वर जागा मिळाली तर भिंतीकडची घ्या, खालची बस स्टँडची गडबड त्या भोकांतून मस्त दिसते. मोठ्या बॅगा मात्र स्टेशनवर ठेवून या, रॅम्पवर चाकाची बॅग सांभाळणं म्हणजे तमाशा. नॉनव्हेज खाणाऱ्यांनी मटण ऑम्लेट सोडू नका. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापलाय तो बायकांना बाहेर ठेवल्याचा.