अहिल्याबाई, महादजी की सयाजीराव : वादविवादात कोणाची बाजू घ्यावी?

इंदूरच्या मराठी मंडळींत 'सगळ्यांत मोठा वारसा कोणाचा' हा विषय निघाला की तीन नावं हटकून येतात: आपल्या अहिल्याबाई, ग्वाल्हेरचे महादजी शिंदे आणि बडोद्याचे सयाजीराव. बाजू घेण्याआधी कसोटी पक्की करा. माणूस गेल्यावर त्याचं काम किती टिकलं आणि कशाच्या जोरावर? पराक्रमालाच वारसा म्हणाल तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

महादजींची बाजू ऐकायला दमदार, निभवायला अवघड. पानिपतात जायबंदी झालेला हा सरदार 1784 मध्ये मोगल बादशहाचा वकील-ए-मुतलक, म्हणजे सर्वाधिकारी मुखत्यार झाला, द बॉइन या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या. पण 1794 मध्ये ते गेले आणि 1803 मध्ये असई नि लासवाडीच्या लढायांत इंग्रजांनी ती फौज मोडली. समोरचा हे काढणारच. त्यासाठी सालबाईचा 1782 चा तह हाताशी ठेवा. महादजींच्या मध्यस्थीने झालेल्या या तहाने पेशवे आणि इंग्रज यांच्यातली लढाई वीस वर्षं थांबली.

अहिल्याबाईंवर बोलताना आपल्याकडचे वक्ते मंदिरांची यादी म्हणत सुटतात. काशी विश्वनाथ, सोमनाथ, घृष्णेश्वर, गयेचं विष्णुपद ही नावं पुरेत. खरा मुद्दा हा की काशी आणि गया होळकरांच्या राज्यात नव्हती, तरी तिथे बांधकामं झाली, आणि त्यांत खासगीच्या, म्हणजे राज्याच्या तिजोरीबाहेरच्या घराण्याच्या स्वतःच्या मिळकतीच्या पैशाचा मोठा वाटा होता. दुसरा पुरावा महेश्वरी साडी. चटई, लहेरिया, ईंट अशा नावांचे तिचे काठ आजही विणले जातात. मात्र हा धंदा मधे मरगळला होता आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस तो सावरावा लागला, हेही लपवू नका. आणि त्यांची राजधानी महेश्वर, इंदूर नव्हे. ही चूक इंदुरातच सर्वांत जास्त होते.

सयाजीरावांकडे कागदावरचा पुरावा भरपूर आहे. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये अमरेलीत करून पाहिलं, मग 1906 मध्ये सगळ्या राज्यात लागू केलं. आधी एका भागात अजमावून मग पसरवणं, ही पद्धतच त्यांचा वारसा. 1908 ची बडोदा बँक आजही चालते, त्यांनी बांधवलेल्या आजव्याच्या तलावाचं पाणी बडोद्याला अजून मिळतं. 1913 मध्ये डॉ. आंबेडकरांना अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली ती याच दरबारातून. "इंग्रजांच्या छत्राखाली लढाईचा खर्च नव्हता" हा आक्षेप रास्त आहे. उत्तर द्या की ती सोय इतर संस्थानिकांनाही होती.

आमच्या मते उलटतपासणीची फेरी असेल तर सयाजीराव घ्या. नुसतं भाषण असेल तर अहिल्याबाई. आठ मिनिटं मिळाली तर एक मिनिट कसोटीला, चार मिनिटं दोनच पुराव्यांना आणि उरलेली तीन स्वतःच्या बाजूचा कच्चा दुवा आपणच मांडून तो सावरायला ठेवा.