३०० मीटर लाइनचे पैसे घेतले, रिळावर भरली फक्त ८० मीटर. नवीन रीळ घेणाऱ्यांनी जरूर वाचा

गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला जाणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, खास करून जे नवीन रीळ (रॉडवरची लाइन गुंडाळायची चरखी) घेताना दुकानातूनच लाइन भरून घेतात त्यांच्यासाठी. दुकानाचं नाव टाकत नाही, तक्रार केलीये, तिचं काय व्हायचं ते होईल, पण ही लबाडी चालते कशी ते सगळ्यांना कळायलाच हवं.

दिवाळीच्या आधी ४००० साइजची स्पिनिंग रीळ घेतली आणि सोबत ३०० मीटर ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली लाइन, ०.२३ मिलिमीटर जाडीची. दुकानदार म्हणाला, भाऊ तुम्ही कशाला त्रास घेता, आपल्याकडे मशीन आहे, एकदम टाइट भरून देतो, उद्या घेऊन जा. दुसऱ्या दिवशी रीळ काठोकाठ भरलेली, वरून चकाचक, बिलावर ३०० मीटर लिहिलेलं. शंका यायचं कारणच नव्हतं.

मग एकदा खाडीच्या मुखाशी ओहोटी लागता लागता जिताडा लागला, आणि चांगला दांडगा असणार कारण पहिल्याच झटक्याला ड्रॅग (रिळाचा ब्रेक) करकरायला लागला आणि तो पाण्याच्या ओढीबरोबर सरळ बाहेर सुटला. लाइन दर १० मीटरला रंग बदलणारी होती त्यामुळे किती गेली ते डोळ्यांना दिसतं. आठवा रंग संपतोय तोच रिळावरून एक भलीमोठी गाठ सुटली, खडखड करत रॉडच्या रिंगांमधून गेली, टोकाच्या रिंगेत अडकली आणि फटकन तुटली. मासा गेला, लाइन गेली, आणि रिळावर मागे काय उरलं तर निळा जाडा तंगूस, म्हणजे साधा नायलॉन! तेव्हा डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

घरी येऊन फळीवर एक मीटर अंतरावर दोन खिळे ठोकले आणि तो तंगूस गुंडाळून मोजला, ८० मीटरच्या आसपास भरला, जाडी ०.५०. दुकानात गेलो तर म्हणे, अहो खाली बॅकिंग लागतंच. आता हे खरंय, ब्रेडेड लाइन गुळगुळीत स्पूलवर (रिळाच्या ज्या भागावर लाइन गुंडाळतात त्यावर) नुसती बांधली तर लोड आल्यावर अख्खी गोल फिरते, म्हणून खाली थोडा नायलॉन देतातच. पण किती? तिथेच सगळी मेख आहे, आणि ते स्पूलवरच्या आकड्यावरून दोन मिनिटांत काढता येतं.

माझ्या स्पूलवर ०.३५ - २०० छापलंय, म्हणजे ०.३५ जाडीची लाइन २०० मीटर मावते. जाडीला जाडीने गुणायचं आणि मग मीटरने गुणायचं. ०.३५ गुणिले ०.३५ म्हणजे ०.१२२५, गुणिले २००, आलं २४.५. ही झाली स्पूलची जागा. आता ०.२३ ची ३०० मीटर लाइन किती जागा खाते? ०.०५२९ गुणिले ३००, साधारण १५.९. उरले ८.६, त्याला ०.१२२५ ने भागलं तर ०.३५ चं बॅकिंग ७० मीटर. ३०० मीटर ब्रेडेड आणि खाली ७० मीटर नायलॉन, प्रामाणिकपणे भरली असती तर रीळ एवढ्यात भरते. आता माझ्या रिळावर जे निघालं ते बघा, ८० मीटर ब्रेडेडचे ४.२ आणि ८० मीटर ०.५० तंगुसाचे २०, बेरीज २४.२. रीळ तशीच काठोकाठ! म्हणजे भरलेली रीळ बघून काहीच कळत नाही, आणि एका ३०० मीटरच्या रोलमध्ये तीन गिऱ्हाइकांच्या रिळी भरून वर थोडी लाइन उरते. दोर विकत घेतला महागाचा, मिळाला चिंधीच्या भावाचा.

हा हिशेब अगदी तंतोतंत येत नाही, ब्रेडेड लाइन दबते, किती ताणून भरली त्यावर थोडं पुढेमागे होतं, शिवाय कडेपासून दीडदोन मिलिमीटर जागा सोडायची असते नाहीतर फेकताना वेटोळी सुटून गुंता होतो. पण ३०० चे ८० असल्या फरकाने होत नाहीत.

जाडीतही फसवतात. पेन्सिलीवर लाइनचे २० वेढे एकाला एक चिकटून द्या आणि पट्टीने मोजा, ०.२३ असेल तर साडेचार मिलिमीटरच्या आसपास येतात. सहा आले तर ती ०.३० ची आहे, मग माझ्यासारख्या स्पूलवर ती २७० मीटरच्या वर मावणारच नाही, कोणी कितीही ३०० म्हणो. साध्या नायलॉनला वजनकाटा चालतो, ०.४० चा १०० मीटर तंगूस रिकाम्या रोलचं वजन सोडून साधारण १४ ग्रॅम भरायला पाहिजे, ९-१० भरला तर एकतर लांबी कमी आहे नाहीतर जाडी.

लाइन भरायची तर सीलबंद रोल आपल्यासमोर फोडायला सांगा, उभं राहून भरून घ्या, आणि रिकामा रोल, डबी, उरलेली लाइन सगळं घरी आणा. मशीन नंतर चालू होईल, उद्या या म्हणाले तर लाइन तशीच उचला आणि घरी कुणाला तरी रोल पेन्सिलीवर धरायला सांगून भरा, अर्धा तासही लागत नाही.

मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवलीये, वैधमापन शास्त्र विभागालाही अर्ज दिलाय कारण मापात कमी देणं हे त्यांच्याकडे येतं. त्याच दुकानातून घेतलेल्या आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी हे ऐकून आपापल्या रिळी उलगडल्या, एकाची ९० मीटर निघाली, दुसऱ्याची ७५. त्यांची बिलं आणि फोटो पण अर्जाला जोडलेत.