दुकानाच्या कॅमेऱ्यावर चालली, आमच्या कॅमेऱ्यावर नाही

लग्नसराई तोंडावर आली आहे. घराघरांतली हौशी मंडळी आता सेकंडहँड लेन्स शोधायला बाहेर पडतील, म्हणून हे लिहितोय. मुंबईत फोर्टमधल्या एका दुकानदाराने मला ज्या पद्धतीने फसवलं, ती पद्धत कळली तर निदान तुमचे पैसे वाचतील.

मावसबहिणीचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं, हॉल डोंबिवलीचा. कॅमेरा मामाचा, निकॉन डी ५६००. मामा तो साताऱ्याहून थेट लग्नालाच घेऊन येणार होता. त्याच्याकडची १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) झूम केली की एफ ५.६ वर येते (एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी), आणि हॉलच्या पिवळ्या उजेडात तेवढ्यावर काही भागत नाही. तोंडावर फ्लॅश मारला तर समयांचा उजेड आणि अंगावरच्या हळदीचा रंग, दोन्ही मरतात. ५० एमएम एफ १.८ लेन्स एफ ५.६ पेक्षा जवळपास दहापट उजेड आत घेते आणि त्या मानाने स्वस्त पडते. घ्यायची तर तीच, हे नक्की होतं.

दुकानदाराला मी कॅमेऱ्याचं मॉडेल सांगितलं आणि ऑटोफोकस चालेल का, असं स्पष्ट विचारलं. ‘बिनधास्त घ्या साहेब, निकॉनची लेन्स निकॉनवर चालणारच.’ लगेच काउंटरवरच्या डी ७२०० ला लावून दाखवली. घर्र आवाज झाला, फोकस झटकन बसला. भाव साडेआठ हजार. बिल मागितल्यावर ‘कशाला उगाच टॅक्स भरताय’ सुरू झालं. मी अडून बसलो तेव्हा ‘५० एमएम लेन्स’ एवढंच खरडून दिलं.

फसवणुकीचं मर्म त्या डी ७२०० मध्ये होतं. त्याच्या बॉडीत फोकसची मोटर असते. डी ५६०० मध्ये ती नसते. तिथे मोटर लेन्समध्येच असावी लागते. मला दिलेली लेन्स जुन्या एएफ-डी प्रकारची, स्वतःची मोटर नसलेली. हवी होती मोटर आतच असलेली ‘एएफ-एस जी’. रोज हाच धंदा करणाऱ्याला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. भावही त्याने त्या ‘जी’ लेन्सचाच लावला.

हॉलवर लेन्स चढवली तर स्क्रीनवर ‘एफईई’ हा एररचा इशारा. अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या भोकाची, रिंग २२ वर नेऊन लॉक केल्यावर ते गेलं, पण फोकस हलेना. मग सगळं हाताने. एफ १.८ वर दोन मीटरवरून जेमतेम अर्धी वीत खोलीच स्पष्ट येते. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, ताईने मान वर केली. त्या फोटोत दूर होणाऱ्या अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक धाग्यादोऱ्यासकट लख्ख आलंय, आणि ताईचा चेहरा नुसता धूसर. अधिकृत फोटोग्राफर तेव्हा नवरदेवाच्या बाजूला होता. त्या क्षणाचा दुसऱ्या कुणी काढलेला फोटो आमच्याकडे नाही, याचा राग अजून जात नाही.

ओळखायचं कसं, ते सांगतो. लेन्सच्या अंगावर अ‍ॅपर्चरचे आकडे असलेली फिरती रिंग दिसली की सावध व्हा. लेन्स उलटी करून धातूच्या कड्याकडे बघा: स्क्रूच्या डोक्यासारखी बारीक खाच असेल, तर ती बॉडीतल्या मोटरवर चालणारी. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांत अशी मोटर नाही. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर आतच असते, तिथे ही भानगड नाही. बुरशी मात्र कुठल्याही लेन्सला धरते. एका टोकाकडून मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या टोकातून बघितलं की काचेवरचं जाळं दिसतं. आणि बिलावर पूर्ण मॉडेल व अनुक्रमांक लिहून घ्याच. माझ्या बिलावर ते नव्हतं, आणि दुकानदार पुढे त्याच फटीतून निसटू बघत होता.

परत गेलो तर त्याने भिंतीवरच्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे बोट दाखवलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाबद्दल खोटी माहिती देणं आणि बिल नाकारणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तक्रार क्रमांक त्याच्यासमोर ठेवला. बरीच बाचाबाची झाली, शेवटी ‘वापरल्याचे’ दीड हजार कापून त्याने बाकीचे परत केले. धाकट्या मावसभावाच्या लग्नाला मी लेन्स दिवसाच्या भाड्याने आणणार आहे, आणि मामाचा कॅमेरा दुकानात सोबत नेऊन.