आठ महिन्यांनंतर: एचओ स्टार्टर सेटचं वाफेचं इंजिन आणि एक रबराची रिंग

काल रात्री माझं मॉडेल रेल्वेचं इंजिन पाच डबे घेऊन चढ चढलं, एकदा नाही, सलग चौदा फेऱ्या, आणि तेव्हाच ठरवलं की आता हा रिव्ह्यू लिहायचा. जूनमध्ये लिहिला असता तर एक स्टार देऊन मोकळा झालो असतो आणि तो इंजिनावर अन्याय झाला असता. विक्रेत्यावर मात्र झाला नसता.

फेब्रुवारीत घेतलं. एचओ (मॉडेल रेल्वेचं एक माप) स्टार्टर सेट, ०-६-० टँक इंजिन (सहा चाकं, सगळी ओढणारी; दिसायला वाफेचं, चालतं विजेवर), तीन डबे, ओव्हल रूळ, १२ व्होल्टचा साधा डीसी कंट्रोलर, साडेचौदा हजार. स्पेसिफिकेशन सगळीकडे मिळतात, परत लिहीत नाही. कंपनीचं नावही देत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते या किमतीतल्या बहुतेक इंजिनांना लागू पडेल. कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये लेकीला घेऊन गेलो होतो, ती पुढच्या शोची वेळ विचारत बसली आणि मी घरी येऊन सेट शोधायला लागलो.

एक गोष्ट नवीन लोकांना माहीत असावी म्हणून सांगतो. एचओचा स्केल १:८७ आणि दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिमी, म्हणजे खऱ्या जगातला १४३५ मिमीचा स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १६७६, तो या स्केलला साधारण १९.३ मिमी येतो. म्हणजे तुम्ही डब्यांना कितीही आपला रंग द्या, खालचा रूळ पुणे मेट्रोच्या मापाचाच राहणार. मला याचं वाईट वाटतं, पण इलाज नाही, भारतीय वाफेचं इंजिन तयार आणि परवडेल असं मला मिळालं नाही.

आता मुख्य मुद्दा. आठ बाय चारच्या प्लायवर मी ओव्हलच्या एका बाजूला चढ केला आणि तो मुद्दाम १:३७ ठेवला, म्हणजे ३७ सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. बोरघाटाचा चढ एवढा आहे, आजही कर्जतला गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात ती याच्यामुळे. मॉडेलवाले सांगतात की दोन टक्क्यांच्या वर जाऊ नका आणि हा जवळजवळ २.७ टक्के होतो, हे मला माहीत होतं, तरी केला, कारण घाट नसलेली रेल्वे मला नको होती. आणि पहिले चार महिने इंजिन चढलं हो! तीन डबे, मग वेगळे घेतलेले दोन धरून पाच. मी मित्रांना बोलावून दाखवायचो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी इंजिन चढाच्या मध्यावर गेलं आणि चाकं जागेवर फिरायला लागली. मोटरचा आवाज चालू, चाकं जोडणारे रॉड खालीवर होतायत, गाडी हलत नाही. दोन डबे काढले, तरी तेच. एकच ठेवला तेव्हा कसंबसं वर गेलं. उलटं करून बघितलं तर मागच्या ॲक्सलच्या एका चाकावरची रबराची रिंग गायब, ती पुढे सोफ्याखाली सापडली, आणि दुसरी फुगून सैल पडलेली, बोटाने ढकलली की निघत होती.

या रिंगेला ट्रॅक्शन टायर म्हणतात, आणि माझं स्पष्ट मत झालंय की सगळं इंजिन या केसाएवढ्या रबरावर चालतं. लोखंडावर लोखंडाची पकड मुळातच कमी. खऱ्या वाफेच्या इंजिनाचा ढोबळ हिशोब असा की ओढणाऱ्या चाकांवर जेवढं वजन, त्याच्या साधारण पाव हिश्श्याएवढी ओढ मिळते, त्यापुढे चाक घसरतं. माझं इंजिन किचनच्या काट्यावर १६५ ग्रॅम भरलं, म्हणजे चाळीसेक ग्रॅमची ओढ, आणि रूळ तेलकट असेल तर त्याच्याही निम्मी. त्यात पाच डबे, वळण आणि १:३७, कुठून पुरणार. रबर लावलं की तेच इंजिन ताकदवान होतं.

मी मिरजेचा आहे. लहानपणी आमच्या स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. बाबा रेल्वेत होते, त्यामुळे यार्डाच्या कडेला उभं राहायला मला कोणी हटकायचं नाही. पावसात मालगाडी उचलताना मीटरगेजचं काळं इंजिन घसरायचं तो आवाज अजून कानात आहे. आधी लांब लांब भस्स, भस्स, आणि अचानक भसभसभसभस असा झपाट्याने, तेवढ्यात ड्रायव्हर रेग्युलेटर (वाफ सोडायचा दांडा) बंद करायचा, परत हळू उघडायचा. बाबांनी दाखवलं होतं, चाकापुढे रुळावर उतरलेली बारीक नळी, तिच्यातून वाळू सोडतात. कोरडी वाळू रुळावर पडली की चाक पकड घेतं. एवढ्या अजस्र इंजिनाचं नशीब मूठभर वाळूवर, हे मला तेव्हा फार अद्भुत वाटलं होतं. मॉडेलमध्ये वाळू टाकता येत नाही, गिअरमध्ये जाऊन सगळं खराब होईल, म्हणून हे रबर. म्हणजे वाळूची पेटी आणि ही रिंग एकाच कामाची आहेत, आणि म्हणूनच ती रिंग सुटी न मिळणं मला सहनच होत नाही.

तर विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर, रबर वेअर अँड टेअरमध्ये येतं, वॉरंटी नाही. ठीक, मी म्हटलं पैसे घ्या पण रिंगा द्या. स्टॉकमध्ये नाही. कधी येतील? नंतर कळवतो. नंतर नाहीच. मग म्हणाले इंजिन पाठवा, तपासतो. कुरिअरचे ४८० रुपये मी भरले, पाच आठवड्यांनी इंजिन परत आलं, सोबत चिठ्ठी, टेस्टेड ओके. फोन केला तेव्हा कळलं की सपाट रुळावर नुसतं इंजिन फिरवून बघितलं, डबे लावलेच नाहीत. आणि एका बाजूची पायरी वाकलेली आली. बाहेरच्या देशातून मागवायचं बघितलं तर दहा रिंगांचं पाकीट साडेतीनशेच्या आसपास आणि पाठवणावळ पंधराशे, वर कस्टमचं काय होईल ते वेगळं. साडेतीनशेच्या रबराला दोन हजार मी देणार नाही, माझ्या हाताने ते बटण दाबलंच जात नाही. ज्या खोक्यात गुळगुळीत कागदाचं चार भाषांतलं माहितीपत्रक मावतं त्यात दोन जादा रिंगा का मावत नाहीत?

इथपर्यंत मी पूर्ण चिडलेलो होतो. पण ऑगस्टमध्ये इंजिन नीट उघडून साफ करताना माझं मत बदललं, तेही लिहायला हवं. रिंगा चार महिन्यांत गेल्या त्यात माझी चूक मोठी आहे. मी शिलाई मशिनचं तेल वापरत होतो आणि सढळ हाताने, दर रविवारी. ते तेल ॲक्सलवरून चाकावर उतरलं, आणि खनिज तेलाने साधं रबर फुगतं, फुगलं की चाकाच्या खाचेत बसत नाही. दुसरं म्हणजे धूर. या इंजिनाच्या चिमणीत स्मोक युनिट आहे, थेंबभर तेल घातलं की धूर येतो, आणि सगळे रिव्ह्यू त्याच्याच कौतुकाने भरलेले असतात. मीही पहिले दोन महिने रोज धूर काढला. त्या धुराचं तेल शेवटी रुळावरच बसतं, पातळ थर होतो, बोट फिरवलं की कळतं. म्हणजे मी आधी रुळाला तेल पाजत होतो आणि मग पकड का नाही म्हणून भांडत होतो. स्मोक युनिट आता बंदच आहे, कोरडं चालवलं तर जळतं म्हणून त्याची वायर काढून टाकली. तेल आता सुईच्या टोकाएवढं, फक्त ॲक्सलच्या टोकांना, दोन महिन्यांतून एकदा, आणि प्लॅस्टिकला चालणारं हलकं तेल. विक्रेत्याबद्दलचं मत मात्र तसंच आहे, माझी चूक झाली म्हणून रिंगा न ठेवण्याचा त्यांचा प्रकार बरोबर ठरत नाही.

रिंग मिळाली ती रविवार पेठेत, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. मी बायकोचं घड्याळ सेल बदलायला घेऊन गेलो होतो, त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि आतून काळी बारीक रबरी रिंग काढून बाजूला ठेवली. मी बघतच राहिलो. खिशातून इंजिन काढलं (हो, बरोबर होतं, नट-बोल्टवाल्याकडे दाखवायला नेलं होतं) आणि विचारलं, काका, या चाकाला बसेल अशी आहे का? त्यांनी भिंग लावलं, चाक फिरवून बघितलं, म्हणाले, "थांबा, मापाने देतो, अंदाजाने नको." ड्रॉवरमधून गॅस्केटचा, म्हणजे अशाच रिंगांचा, डबा काढला, त्यात साइजनुसार कप्पे, कॅलिपरने खाच मोजली आणि ०.४ मिमी जाडीच्या चार रिंगा काढून दिल्या. घड्याळाच्या गॅस्केटला बहुतेक नायट्राइल रबर असतं, ते तेलाने फुगत नाही, म्हणजे मूळ रिंगेपेक्षाही बरं. चारचे तीस रुपये. मी पन्नासची नोट दिली, त्यांनी वीस परत केले आणि म्हणाले, "चाललं तर येऊन सांगा." पाच आठवडे आणि ४८० रुपये घालवून जे झालं नाही ते दहा मिनिटांत झालं. मी खरंच गेलो सांगायला, व्हिडिओ दाखवला, त्यांनी तीनदा बघितला.

बसवताना काळजी एवढीच की रॉडची पिन आधी काढा, रिंग टूथपिकने चढवा, ब्लेड नको, आणि चाक ॲक्सलवर फिरू देऊ नका. डाव्या-उजव्या चाकांच्या पिना एकमेकींशी ९० अंशात असतात, ते बिघडलं तर रॉड अडकतात आणि मग इंजिन लंगडतं. रिंग खाचेच्या वर किती येते तेही बघा. जाड निघाली तर इंजिन डोलतं, माझी पहिली जोडी थोडी डोलत होती, दोन-तीन दिवस फिरवल्यावर बसली.

बाकीचं थोडक्यात. रबर लावलेल्या दोन चाकांतून करंट येत नाही, उरतात चार, त्यामुळे पॉइंटच्या (जिथे रूळ फुटतो त्या सांध्याच्या) मधल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर इंजिन हळू असेल तर थांबतं, हे या छोट्या इंजिनांचं दुखणंच आहे, वेग थोडा ठेवा. सेटबरोबरचे रूळ स्टीलचे आहेत आणि पुण्याच्या पावसाळ्यात त्यांना गंज येतो, जुलैमध्ये मी दर चार दिवसांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत होतो. सँडपेपर मारू नका, ओरखड्यांत घाण जास्त बसते. पुढचे रूळ निकेल सिल्व्हरचे घेणार. कंट्रोलर ठीक. दिवा ठीक.

घ्यावं का? सपाट ओव्हल आणि मुलांसाठी असेल तर नक्की घ्या, इंजिनाला पाचपैकी चार. घाट करणार असाल तर घेण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, ट्रॅक्शन टायर सुटे मिळतात का, आणि उत्तर लेखी घ्या. माझ्या विक्रेत्याला एक स्टार, तोही पॅकिंग चांगलं होतं म्हणून.

गेल्या रविवारी बाबा मिरजेहून आले. त्यांना आता नीट दिसत नाही, खुर्ची प्लायच्या अगदी जवळ ओढून बसले आणि चढाच्या जागी कान दिला. पाच डबे वर गेले. म्हणाले, "घसरलं नाही रे." मी त्यांच्या तळहातावर उरलेली एक रिंग ठेवली आणि सांगितलं की ही याची वाळू. बराच वेळ दोन बोटांत धरून चाचपत होते. त्या उरलेल्या दोन रिंगा मी काडेपेटीत घालून प्लायच्या खाली टेपने चिकटवून ठेवल्यात.