ओशन्स, नऊ मिनिटं पूर्ण ऐका

हिलसाँग युनायटेडचं ओशन्स 2013 च्या झायन अल्बममधलं, सिडनीच्या हिलसाँग चर्चच्या या भक्तिगीतं गाणाऱ्या बँडचं बहुतेक सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं गाणं, गायलंय टाया स्मिथने. बायबलच्या मत्तय 14 मधला येशूचा शिष्य पेत्र आठवतो ना, वादळात तारवातून उतरून पाण्यावर चालत निघाला आणि वारा बघून बुडायला लागला, तोच प्रसंग मुळाशी आहे. मला सगळ्यात भिडलं ते म्हणजे यात वादळ थांबव असं मागणंच नाही, उलट अजून खोल पाण्यात ने म्हणजे माझा विश्वास घट्ट होईल अशी प्रार्थना आहे!! आई आयसीयूत होती तेव्हा मी बाहेर बाकड्यावर बसून रात्रभर हेच ऐकलं, आणि खरं सांगते, तोपर्यंत मी फक्त सुटका मागत होते.

सुरुवात एकदम शांत, मग ब्रिज (गाण्याचा मधला वेगळ्या चालीचा भाग) परत परत येतो आणि ड्रम्स हळूहळू चढत जातात, तिथे अंगावर काटा येतो. चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून गायला मात्र अवघड, वरचे सूर पुरुषांना झेपत नाहीत, स्केल खाली घ्या. आणि छोटं रेडिओ व्हर्जन नको, पूर्णच ऐका.