नव्या मुठी, अडकणारी रेस: हँडलच्या चार प्रकारच्या ग्रिपची पारख

गाडीच्या मुठी बदलल्या आणि पिळलेली रेस सोडल्यावर परत येईना, की पहिला आरोप केबलवर होतो. मिस्त्रीही नवी केबल टाकू म्हणतो. पण आदल्या दिवसापर्यंत केबल व्यवस्थित चालत असेल, तर ती रातोरात बिघडली असं समजायचं कारण नाही. उजवी मूठ आतल्या बाजूला स्विचच्या डबीला टेकलेली असते, नाहीतर बाहेरच्या बाजूला हँडलच्या टोकावर दाबून बसलेली असते. अर्ध्या सुताचा मामला. फिरणाऱ्या भागाला जागा सोडावी लागते हे बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात लेथवर उभ्या असलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मुठी विकणाऱ्याला मात्र सांगावं लागतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इथल्या पार्टच्या दुकानांत मुठी ढोबळमानाने चार प्रकारच्या मिळतात: कंपनीसारख्या साध्या रबरी, मऊ जेलच्या, स्पंजच्या आणि अॅल्युमिनियमच्या कड्यांनी स्क्रूवर आवळायच्या. इथे त्यांना कसोटी एकच लावली आहे. बसवल्यावर रेस पूर्ण पिळून सोडली, तर ती स्वतःहून टकदिशी जागेवर येते का? येत नसेल तर बाकीचे गुण बघण्यात अर्थ नाही. कारण मुठीत स्प्रिंगच नसते. परत ओढणारी स्प्रिंग तिकडे कार्बोरेटरमध्ये, किंवा इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीवर असते. तिचा जोर केबलची वळणं पार करत हातापर्यंत येतो, त्यामुळे मुठीशी झालेलं किरकोळ घासणंही तिला भारी पडतं.

आधी माप. बहुतेक गाड्यांच्या हँडलचा पाईप २२ मिमीचा असतो. उजवीकडे त्याच्यावर प्लास्टिकची फिरती नळी असते, तिला दुकानात थ्रॉटल पाईप म्हणतात. ती बाहेरून साधारण २५ मिमी भरते. म्हणून उजव्या मुठीचं भोक मोठं आणि डावीचं लहान. स्वस्त पाकिटांवर डावी-उजवी लिहिलेलं नसतं. काउंटरवरचा माणूस कानडीत ‘एडगडे, बलगडे’ (डावीकडची, उजवीकडची) सांगून हातात देईल, तरी दोन्ही भोकं शेजारी धरून आपल्या डोळ्यांनी बघा. डावी मूठ जोर लावून उजवीकडे चढवली तर चढतेही, पण पातळ प्लास्टिकची नळी आवळली जाते आणि आतल्या लोखंडी पाईपला धरते. मग मूठ आत-बाहेर कितीही सरकवा, रेस जड ती जडच.

साधी रबरी जोडी या चौघांत सर्वांत कमी त्रासाची. बंद टोकाची असेल तर एवढंच पाहायचं, की ती शेवटपर्यंत ठोकून बसवायची नाही. बंद टोक हँडलच्या तोंडावर दाबलं गेलं की प्रत्येक पिळ्याला रबर लोखंडावर घासतं. हँडलला टोकाशी वजनं असतील तर उघड्या टोकाचीच मूठ घ्या. बंद टोक कापून घेण्याची आपल्याकडची रीत म्हणजे मूठ चढवायची आणि टोकावर हातोडी मारत जायचं. पाईपच्या धारेवर रबराची चकती आपोआप कापली जाते. डावीकडे हे खपून जातं. उजवीकडे त्या रबराचा तुकडा नळी आणि पाईप यांच्या फटीत शिरतो आणि रेस मधेच अडकवतो. त्यापेक्षा मूठ लाकडी दांड्यावर चढवून धारदार ब्लेडने बाहेरच कापावी. थ्रॉटल पाईपवर ठेवून तर मुळीच कापू नये, नळीवर चर पडतो.

जेलची मूठ लांबच्या प्रवासाला हाताला सुखाची वाटते, निपाणी ते बेळगाव हायवेवर हाताला येणारी झिणझिणी कमी होते. पण आतली भिंत मऊ असल्याने पिळताना मूठ नळीवर थोडी मुरडते. हात आधी फिरतो, रेस मागून येते. ती घट्ट बसावी म्हणून लोक आतून गोंद ओततात आणि खरा घोटाळा तिथे होतो. तो पुढे येतोच.

स्पंजची मूठ आपल्या भागात घेऊ नये, हे स्पष्ट मत. जांबोटी, चोर्ला, खानापूर पट्ट्यातला पाऊस ती चार महिने पीत राहते. ओली झाली की फुगते, सैल पडते, हळूहळू आत सरकून स्विचच्या डबीला भिडते. वाळली की ऊस हंगामातल्या ट्रॅक्टरमागची धूळ तिच्यात बसते. मूळ मुठीवर चढवायचे जे स्पंजचे गिलाफ मिळतात, त्यांचंही तेच. शिवाय त्यांनी मूठ इतकी जाड होते, की लहान हाताच्या माणसाला रेस सोडून ब्रेकची दांडी पकडणं अवघड जातं.

आता अॅल्युमिनियमच्या कड्यांची. तरुण पोरांची पसंती हीच, आणि नीट बसवली तर चांगलीच. गोंद लागत नाही, काढा-घाला सोपी, पावसात सरकत नाही. पण हिचं कडं आवळलं जातं ते प्लास्टिकच्या नळीवर, लोखंडावर नाही. अॅलन की हातात आली की पूर्ण ताकद लावायची सवय असते. तशी लावली तर नळी दाबून लांबट गोल होते आणि पाईपवर फिरेनाशी होते. स्क्रू थोडा थोडा आवळावा, प्रत्येक वेळी रेस पिळून सोडून पाहावी, आणि मूठ नळीवर सरकणं थांबलं की तिथेच हात आखडता घ्यावा. दुसरी खोड लांबीची. रबरी मूठ लांब झाली तर कापता येते, ही नाही. जुनी मूठ सोबत घेऊन जा आणि दुकानातच लांबी ताडून बघा. कड्याच्या स्क्रूचं डोकं ब्रेकच्या दांडीला किंवा स्विचच्या डबीला लागणार नाही अशा बाजूला फिरवून ठेवायचं, हेही अनेक जण विसरतात.

कुठलीही जोडी घेतली तरी बसवताना आत, स्विचच्या डबीपाशी १ ते २ मिमी फट हवी आणि बाहेर टोकाच्या वजनापाशीही तेवढीच. चढवताना मधे तेवढी जाडी भरेल इतकी जुनी पोस्टकार्डं घालून ठेवावीत, बसवून झालं की काढून घ्यावीत. फट सगळीकडून सारखी आहे का ते मूठ पूर्ण फिरवून पाहावं, कारण वाकडी कापलेली मूठ एका जागी मोकळी आणि दुसऱ्या जागी घासणारी असते.

गोंदाबद्दल. क्षणात चिकटणारा पातळ गोंद इथे वापरू नये. तो पाण्यासारखा वाहतो, नळीच्या टोकातून आत उतरतो आणि नळी हँडललाच चिकटवतो. सुरुवातीला रेस फक्त जड लागते, रात्रभरात दगड होते. रबराचा जाडसर गोंदच घ्यावा, तोही नळीवर पातळ फासून, बाहेरच्या टोकाचा एक सेंटिमीटर कोरडा ठेवून. बसवल्यावर अधूनमधून रेस फिरवत राहावी आणि गाडी दुसऱ्या दिवशीच बाहेर काढावी. गोंद नको असेल तर स्पिरिटने नळी आणि मुठीचं भोक ओलं करून एका दमात चढवा. स्पिरिट उडून जातं आणि रबर धरून बसतं. तेल, ग्रीस, साबणाचं दाट पाणी यांनी चढवणं सोपं जातं, पण पहिल्या पावसात मूठ हातात येते. पेट्रोलने रबर फुगतं.

आता अडकलेली रेस शोधायची कशी? इंजिन बंद ठेवून सुरुवात करावी. टोकाच्या वजनाचा स्क्रू दोन आटे सैल करा, रेस सुटली तर बाहेरची फट कमी आहे. नाही सुटली तर मूठ बाहेरच्या बाजूला २ मिमी ओढा. आता सुटली तर ती डबीला घासत होती. तरीही जड असेल तर स्विचच्या डबीचे दोन स्क्रू सैल करून पाहा. डबीच्या आत एक छोटी खुंटी असते, ती हँडलच्या भोकात बसावी लागते. ती न बसवता स्क्रू आवळले की दोन्ही अर्धुकं नळीला चिमटीत धरतात. इथवर काही सापडलं नाही तर केबलचं टोक नळीच्या खाचेतून सोडवा आणि नुसती नळी फिरवा. मोकळी फिरली तर दोष केबलकडे किंवा पुढे कार्बोरेटरकडे आहे, मुठीला बोल लावू नका. मूठ बदलताना डबी उघडली असेल तर केबल खाचेबाहेर बसलेली किंवा डबीच्या तोंडाशी मुरडलेली सापडते.

नळी एकटीच जड फिरत असेल तर ती काढून पाईप बघा. गाडी कधी उजव्या अंगावर पडली असेल तर पाईपच्या तोंडाला धार आलेली असते. बारीक पॉलिश पेपरने ती घासून काढावी. गंज, लाल माती, जुना गोंद पुसून टाकावा. आत जाड ग्रीस भरू नये, धूळ धरून त्याची लापशी होते. पाईप कोरडा स्वच्छ ठेवावा आणि केबलच्या टोकाच्या मण्याला तेवढं जरासं ग्रीस लावावं.

सगळं जोडल्यावर मुठीच्या कडेला २ ते ६ मिमी मोकळा फिरवा राहिला पाहिजे. आपल्या गाडीचं नेमकं माप पुस्तिकेत असतं. चाक सरळ, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे ठेवून तिन्ही वेळा रेस पिळून सोडा. मग इंजिन चालू करून हँडल दोन्ही बाजूंना वळवा. वळवताना आवाज वाढला तर केबल कुठेतरी ताणली जाते आहे. २०१७ पासूनच्या केटीएम ३९० ड्यूकसारख्या गाड्यांना ही केबलच नाही, पिळ्याचं माप सेन्सर घेतो. तिथे फट तेवढी तपासावी आणि डबी उघडायच्या भानगडीत पडू नये.

ही तपासणी झाल्याशिवाय वंटमुरी किंवा तवंदी घाटात गाडी नेऊ नका. चालत्या गाडीत रेस अडकलीच तर आधी क्लच दाबायचा, मग किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, बंद. अनेक साध्या गाड्यांना किल स्विच नसतो, तिथे चावी फक्त बंदच्या खुणेपर्यंत फिरवायची. घाईत पुढे नेली तर हँडल लॉक होण्याचा धोका असतो.